नागझिऱ्याच्या वाटेवर, यांनी केलेला सांधा बघायला

अंगण झाडून झालं होतं, शेळीला पाला टाकला होता, चुलीवर अंघोळीचं पाणी चढलं होतं आणि मी छपरीत सूप घेऊन तांदूळ निवडत बसले होते. हे मागच्या कामाच्या खोलीतून आले. कानावर पेन्सिल, मिशीवर भुसा. सुपातला एक दाणा उचलला, दाताखाली धरला आणि परत निघाले.

"कच्चे तांदूळ कायले खाता जी? पंडुरोग होते."

"एकच घेतला ना."

"रोज एकच घेता. शिजू द्या तरी."

"एका दाण्यानं तुही हंडी रिकामी होत नाही," म्हणाले आणि गेले. मी खडे निवडत राहिले. पाणी उकळलं तेव्हा उठले.

लक्षात राहावं असं त्या सकाळी काहीच घडलं नव्हतं. पण या डिसेंबरातल्या प्रवासावरून आल्यापासून तीच एक सकाळ सारखी समोर येते, म्हणून तिच्यापासून सुरुवात केली. ज्यांना नागझिऱ्याला जायचं आहे त्यांना वाट, गाडी, जेवण सगळं पुढे सांगते. मी मात्र वाघ बघायला गेले नव्हते.

आमचं गाव अर्जुनी मोरगाव तालुक्यात, इटियाडोह धरणाच्या कालव्याच्या शेवटाला. हे सुतारकाम करत. जातीचे सुतार नव्हेत, आम्ही बौद्ध. लहानपणी वडिलांनी यांना लाकूड कापायच्या आरामशीनवर कामाला लावलं आणि तिथल्या एका म्हाताऱ्या वाढ्यानं, म्हणजे सुतारानं, हत्यार धरायला शिकवलं. पुढे चाळीस वर्षं यांनी घरांची छपरं, धानाच्या गिरण्यांची छपरं पेलणाऱ्या कैच्या केल्या, त्याही खिळा न मारता. एका लाकडाचं टोक तासून जीभ काढायची, तिला कुसू म्हणतात. दुसऱ्या लाकडात तिच्या मापाची खाच कोरायची. कुसू खाचेत बसवायचा आणि दोन्हींतून जाईल अशी धावड्याच्या लाकडाची खुंटी ठोकायची. झालं. यांना अक्षर येत नव्हतं. मला येत होतं, तेही शाळेत न जाता. काचपेपर ज्या रद्दीत बांधून यायचा ती रद्दी वाचत वाचत मी शिकले. मापं हे सांगत आणि वहीत मी लिहीत असे. हा ब्लॉगही त्याच सवयीतून. नागपूरच्या मुलीनं फोनवर सुरू करून दिला आणि मी लिहीत गेले.

२०१२ च्या उन्हाळ्यात पुण्याहून अनघा मॅडम आमच्या घरी आल्या. त्या आर्किटेक्ट. नागझिऱ्याच्या वाटेवर एका संस्थेसाठी त्या मोठा लाकडी हॉल बांधणार होत्या. लाकूड अखंड नव्हे. फळ्या एकावर एक चिकटवून, दाबून तयार केलेल्या तुळया, एकेक तुळई दोन माणसांच्या कवेत न मावणारी. बाहेरच्या देशांत अशा लाकडाच्या पाच-सहा मजली इमारती उभ्या राहतात, त्याला ते मास टिंबर म्हणतात, असं त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवून सांगितलं. अशा तुळया लोखंडी पट्ट्या आणि बोल्टांनी जोडतात. मॅडमना ते नको होतं. त्यांचं म्हणणं, आपल्या पावसात लोखंडाभोवती लाकूड घाम धरतं आणि तिथूनच कुजतं. म्हणून जुना, लाकडात लाकूड अडकवायचा सांधा हवा. हत्यारानं एक नमुना करायचा, त्यावरून कारखान्यातलं मशीन सगळे सांधे कापणार, आणि उभारणीला इथलेच सुतार.

यांनी बराच वेळ फोटो बघितले आणि विचारलं, "एवढ्या मोठ्या लाकडाले खुंटी किती जाडीची लावाल?"

मॅडम म्हणाल्या, "तेच तर तुम्हाला विचारायला आलेय."

इतकं बरं वाटलेलं मी यांना कधी बघितलं नव्हतं. तेव्हा दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि भुशानं छाती भरली होती. तरी अडीच महिने लावून यांनी नमुना केला. खांबाचा हातभर तुकडा, तुळईचा हातभर तुकडा, एक खुंटी. मॅडम तो घेऊन गेल्या.

पुढच्या फेब्रुवारीत हे गोंदियाच्या दवाखान्यात होते. नाकाला ऑक्सिजन, गुंगीत. दुपारी मॅडमचा फोन आला.

"काकू, नमुन्यातली खुंटीची भोकं जुळत नाहीयेत. खांबातलं भोक आणि कुसूतलं भोक तीन मिलिमीटर मागेपुढे आहे. कारखान्यातले विचारतायत, असंच ठेवायचं की सरळ करायचं? मिस्त्रींना एकदा विचाराल?"

मी यांच्याकडे बघितलं. नुकता डोळा लागला होता. मनात आलं, नजर गेलेल्या माणसाच्या हातून वाकडं भोक पडलं. उद्या मशीनवाले हसतील. म्हटलं, "नाही, ते त्यांच्या डोळ्यांमुळं झालं. सरळ करून घ्या."

"नक्की ना?"

"नक्की."

संध्याकाळी यांनी विचारलं, "कोनाचा फोन होता?" मी म्हटलं, "मॅडमचा. तब्येत विचारत होत्या." यांना बरं वाटलं. आठवड्यानं हे गेले. पुढे पार्सलनं नमुना परत आला. तो मी यांच्या फोटोशेजारी ठेवला आणि रोज पुसत राहिले.

हॉल उभा राहिला तेव्हा बोलावणं आलं होतं. गेले नाही. दुसऱ्या वर्षीही गेले नाही. मग या डिसेंबरात मॅडमनी कळवलं, खांबावर यांच्या नावाची पाटी लावली आहे, नमुना तिथं काचेच्या पेटीत ठेवू, घेऊन या. मला एवढंच बघायचं होतं की यांचं शेवटचं काम उभं आहे. ते उभं असेल तर मी एकटीनं काढलेली तीन वर्षं कशाला तरी लागली, असं काहीसं मनात होतं.

अर्जुनीहून सकाळची पॅसेंजर धरली. गोंदियापर्यंत तिकीट वीस रुपये. खिडकीतून दोन्हीकडं कापलेल्या धानाच्या बांध्या, त्यात लाखोरीचं कडधान्य हिरवं उगवलेलं. नमुना दुपट्यात गुंडाळून मांडीवर घेतला होता. सौंदडला एक बाई चढल्या, शेजारी बसल्या आणि लगेच विचारलं, "काय आहे जी, देव आहे का?"

"नाही. सांधा आहे."

"गुडघ्याचा?"

डबा हसला. मीही हसले. त्यांनी पदराच्या गाठीतून भाजलेली जवस काढून दिली आणि गोरेगाव येईपर्यंत आपल्या गुडघ्यांचं सांगत राहिल्या.

गोंदिया स्टेशनबाहेर आलुबोंडा आणि चहा घ्या, पुढे तिरोड्यापर्यंत बरं काही मिळत नाही. दुकानदार हिंदीत बोलेल, तुम्ही मराठीत बोललात तरी त्याला कळतं. तिरोड्याला रेल्वेनं अर्धा-पाऊण तास, एसटीनं जरा जास्त. तिथून चोरखमाऱ्याच्या बाजूला काळी-पिवळी जीप जाते, भरल्याशिवाय सुटत नाही, माणशी तीस रुपये. जंगलाचं फाटक आठवड्यातून एक दिवस बंद असतं, विचारूनच निघा. थंडीचे कपडे घ्या.

काळी-पिवळीवाल्यानं आरशातून विचारलं, "वाघ पाहायले चालल्या का मावशी?"

"नाही. खांब बघायला."

"खांब तं आमच्या गावात बी आहे. बिजलीचा. फुकट दाखवतो."

दुपारी दोनच्या सुमाराला पोहोचले. संस्थेचं नाव लिहीत नाही, त्यांनी मला चांगलंच वागवलं. आत मोहाची झाडं राखून ठेवलेली आणि मधोमध तो हॉल. लांबून बघितला आणि पाय थांबले. एवढं लाकूड मी एका जागी कधी बघितलं नव्हतं. पिवळट, गुळगुळीत, फळ्यांचे थर नीट दिसणारे. दोन्हीकडं सहा-सहा खांब, वर तुळया. दरवाजातून आत गेले तर गार. मान वर करून मी पहिला सांधा शोधला.

सांध्यावर लोखंडाची काळी पट्टी होती. दोन्ही बाजूंनी. आठ बोल्ट.

दुसऱ्यावर तशीच. बाराही खांबांवर तशीच. मला वाटलं, शोभेला लावली असेल.

मागून आवाज आला, "वहिनी, तुम्ही शामराव मिस्त्रीच्या घरच्या ना?"

बुधराम. एका गिरणीच्या कामाला दोन वर्षं यांच्या हाताखाली होते, तेव्हा आमच्याकडं जेवायला यायचे. आता केस पांढरे, हातात पाण्याची नळी. मी विचारलं, सुतारकाम सोडलं का?

"सुटलं. आमी सात जन होतो ह्या कामावर. हे उभं केलं आमी. आता म्या झाडायले पानी टाकतो. बाकीचे सहा हैदराबादले गेले, इमारतीच्या सेंटरिंगवर."

"आणि ह्या पट्ट्या?"

बुधरामनं नळी बंद केली. म्हणाले, "पयल्या उन्हाळ्यात सांधे उघडले, वहिनी. मे महिना होता. खांब आन् तुळईच्या मधात पोस्टकार्ड जाईल एवढी फट. वारं आलं का सगळं करकर करे. इंजिनिअर आला, म्हणे हे जुनं गावठी काम, इथं चालत नाही. पट्ट्या ठोकल्या. आता मांगं जेवनाचा हॉल होनार होता, राहाच्या खोल्या होनार होत्या, ते सारं लोखंडाचं करून राहिले."

बोल्टाच्या खाली लाकडावर काळे ओघळ होते, डोळ्यातलं काजळ गळल्यासारखे. दोन पावसांत एवढे. मॅडम सांगत होत्या तसा घाम.

मी म्हटलं, "म्हणजे यांचा सांधा टिकला नाही."

"मिस्त्रीचा?" बुधराम एकदम चिडले. "हा मिस्त्रीचा सांधा हायेच कुठं? मिस्त्रीच्या सांध्यात केस जात नाही. ह्या मशीनवाल्यायनं भोक सरळ पाडलं ना! तांदूळच नाही सोडला."

"कसला तांदूळ?"

"तुमाले माहीत नाही? तुमच्याच घरचा तांदूळ राहे."

मी दुपट्यातून नमुना काढून ओट्यावर ठेवला. बुधरामनं त्यावरून हात फिरवला, मग विचारलं, "खुंटी काढू का?" मी मान हलवली. त्यांनी कुठून तरी हातोडी आणि लाकडी ठोकणी आणली. चार-पाच घाव घातल्यावर खुंटी निघाली. सरळ ठोकलेली खुंटी मधे वाकली होती, थोडीशीच, पण वाकली होती.

"आता भोकातून पाहा."

मी डोळा लावला. पलीकडचा उजेड गोल दिसायला हवा होता. गोल नव्हता. एका बाजूनं कुसूची कडा आत आली होती, चंद्राच्या कोरीएवढी.

"हा अर्धा तांदूळ," बुधराम म्हणाले. "खांबाचं भोक पाडलं का कुसू बसवून खूण करे. मंग कुसू बाहेर काढे, खुणेपाशी अर्धा दाना ठेवे आन् तेवढं मांगं सरकून भोक पाडे. मंग खुंटी ठोकली का ती वाकडी होत होत जाते आन् कुसूले आत वढून धरते. लाकूड सुकलं, आटलं, तरी खुंटी वढूनच राहते. सरळ भोकात खुंटी नुसती बसते जी, धरत नाही काही. दाना दातानं तोडे मिस्त्री. साइटवर शर्टाच्या खिशात चार दाने ठेवे. म्हने, घरून घेतला का बायको शिव्या देते."

शर्ट धुताना खिशात तांदूळ सापडत. मी म्हणायचे, म्हातारपणी कोंबडीची सवय लागली.

बुधराम बोलतच होते. "आमाले कागद आला त्यात भोक सरळच होतं. म्या म्हटलं मॅडमले, हे बरोबर नाही. मॅडम म्हने, विचारून केलं आहे. कोन्या शहाण्याले विचारलं काय माहीत!"

मी खुंटी हातात घेऊन बसले.

संध्याकाळी बुधरामच्या घरी जेवले. त्यांच्या बायकोनं भात, लाखोरीची भाजी आणि सुक्या झिंग्यांची चटणी केली होती. हॉलच्या उपाहारगृहात दीडशे रुपयांची थाळी मिळते, पण कुणाच्या घरी जेवायला मिळालं तर तिकडेच जेवा. मी भात बोटांनी ताटात इकडून तिकडे सारत राहिले. त्यांना वाटलं, चटणी तिखट झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम आल्या. मला जवळ घेतलं. त्या थकलेल्या दिसत होत्या. चौथ्या खांबाजवळ नेलं. पितळी पाटी होती: "सांध्याची रचना, शामराव मिस्त्री." पाटीच्या बरोबर वर काळी पट्टी आणि आठ बोल्ट. मी आयुष्यात यांचं नाव छापलेलं दोनदाच बघितलं. एकदा मतदार यादीत, आणि एकदा इथं.

"सॉरी काकू," मॅडम म्हणाल्या. "तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. धीर झाला नाही."

"कशानं झालं असं?"

"इंजिनिअर म्हणतात, पारंपरिक सांधा एवढ्या मोठ्या बांधकामाला पुरत नाही. मला ते पटत नाही, पण माझ्याकडं उत्तर नाही. आता मी कुठंही हे सुचवलं की लोक याच हॉलचं नाव घेतात. दोन कामं गेली माझी." त्यांनी पाटीवरची धूळ बोटानं पुसली. "मिस्त्री असते तर त्यांनी सांगितलं असतं कुठं चुकलं ते."

तेव्हा सांगायला हवं होतं. उत्तर माझ्या पिशवीत होतं. तोंड उघडलं आणि मी म्हटलं, "हो, ते असते तर." एवढंच. आधी मला वाटायचं, माणूस खोटं बोलतो तेव्हा त्याला शब्द शोधावे लागतात. तसं नाही. गप्प बसलं तरी खोटं बोलून होतं.

मॅडमनी नमुना मागितला, काचेची पेटी तयार होती. मी म्हटलं, खुंटी सैल झाली आहे, घरी नीट करून पाठवते. त्यांनी फोटो काढला. त्या फोटोत मी हसते आहे.

परतीच्या गाडीबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. तिरोड्याला गाडी उशिरा आली. नमुना जाताना होता तेवढाच जड होता.

घरी आल्यावर दिवा लावला, नमुना जागेवर ठेवला आणि यांच्या फोटोकडं बघितलं नाही. तीन वर्षं मी रोज तो सांधा पुसला. एकदाही खुंटी काढून भोकातून बघितलं नाही. यांचं सगळं काम मी वहीत लिहिलं, लांबी, रुंदी, जाडी, आणि जे लिहायचं होतं ते माझ्याच सुपातून रोज उचललं जात होतं. विचारलं असतं तर यांनी सांगितलं असतं. मी तांदूळ खाऊ नका म्हणत राहिले. आणि दवाखान्यात, फक्त उठवायचं होतं. हाताला हात लावून उठवायचं होतं. यांची लाज राखायला म्हणून मी यांचं काम मोडलं, आणि सात माणसांचंही.

तुम्ही नागझिऱ्याला गेलात तर त्या हॉलमध्ये जा. प्रवेश फुकट आहे. पट्ट्यांकडं बघा, आणि चूक लाकडाची नाही, यांची नाही, हे माहीत असू द्या. काही बदलेल असं मला वाटत नाही. बोल्ट आता निघणार नाहीत. बुधराम पुन्हा पटाशी धरतील असंही दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी मी तांदूळ निवडले. त्यातला एक दाणा दातानं तोडला आणि अर्धा कागदावर चिकटपट्टीनं लावला. खाली लिहिलं की भोकातला फरक चूक नव्हता, तो एवढा ठेवायचा असतो, आणि सरळ करायला मिस्त्रींनी नाही, मी सांगितलं होतं, त्यांना न विचारता. फोनवर एकदा चुकीचं सांगून झालं होतं, म्हणून पत्र लिहिलं. एक मॅडमना, तसंच एक इंजिनिअरला. वाकलेली खुंटी मॅडमच्या पाकिटात घातली. अर्जुनीला जाऊन दोन्ही रजिस्टर केली आणि दुपारच्या गाडीनं घरी आले.